वरचं पाणी

तीर्थन आणि सैंज या कुल्लू जिल्ह्यातल्या दोन नद्या. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या डोंगरांतून शेजारशेजारच्या खोऱ्यांतून त्या उतरतात आणि लारजीजवळ बियासला मिळतात. सैंजच्या पाण्यावर जलविद्युत प्रकल्प आहेत. पलीकडच्या पार्वती नदीचं पाणीही एकतीस किलोमीटरहून लांब बोगद्यातून तिच्या खोऱ्यात आणलेलं आहे. तीर्थनवर मात्र एकही मोठा प्रकल्प होऊ शकला नाही. तो होऊ नये म्हणून बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब आणि खोऱ्यातले गावकरी कोर्टापर्यंत गेले. ट्राउट धरायला मी शिकलो तो या मोकळ्या तीर्थनवर, आणि तिथे शिकलेलं सगळं मी पुढे धरण असलेल्या एका नदीवर जसंच्या तसं वापरलं. चूक एवढीच. पण एवढ्यावर ती सांगून संपत नाही, कारण त्या वेळी माझ्याबरोबर माझा एकोणीस वर्षांचा भाचा होता.

आपल्याकडे गळ म्हटलं की काठावरची बैठक, गांडूळ नाहीतर कणकेची गोळी आणि पाण्यावर तरंगणारं बूच डोळ्यांसमोर येतं. फ्लाय फिशिंगमध्ये बसायचं नसतं. गळ असतो नखाएवढा, त्यावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला किडा, म्हणजे फ्लाय. तिला वजनच नसतं, त्यामुळे ती फेकता येत नाही. फेकायची ती जाड, वजनदार दोरी. तिच्या टोकाला निमुळता होत गेलेला, नऊएक फुटांचा पारदर्शक लीडर असतो आणि त्याच्या मागोमाग फ्लाय जाऊन पाण्यावर टेकते. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. जोराचं पाणी आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातं, ती रेघ त्याची आवडती. तिथे ताकद खर्च होत नाही आणि वरून वाहत येणारं खाणं आयतं समोर येतं. फ्लायने त्या रेघेवरून अगदी पाण्याच्याच वेगाने यायला हवं. मधल्या एखाद्या धारेने दोरी ओढली आणि दोरीने फ्लायला जराशी जरी ओढ दिली, तरी पाण्यावर बारीक चरा उमटतो आणि मासा तोंड फिरवतो.

सुरुवातीला मला हे कळत नव्हतं. मासा आला नाही की मी डबी उघडायचो आणि फ्लाय बदलायचो. तपकिरीऐवजी करडी, मोठीऐवजी लहान. दोष फ्लायचा नसायचा, दोरीवर पडणाऱ्या ओढीचा असायचा. तीर्थनकाठच्या नागिणी आणि गुशैणी या गावांच्या दरम्यान काम करणाऱ्या एका वयस्क गाइडने ते माझ्या लक्षात आणून दिलं. हात धरून दोरी कशी उलटवायची ते दाखवलं. आणखी एक सवय त्यानेच लावली: पाण्यात उतरण्याआधी काठाजवळचा एक गोटा निवडायचा, त्याच्यावरची ओली रेघ नीट बघून ठेवायची आणि मधूनमधून तिच्याकडे नजर टाकत राहायचं. मे-जूनमध्ये वरचं बर्फ वितळतं. सकाळी उतरलेलं, निवळ असलेलं तीर्थनचं पाणी दुपारनंतर चढतं, दुधाळ होतं. गोट्यावरची रेघ बुडाली की बाहेर यायचं. ऑक्टोबरात बर्फ वितळणं जवळपास थांबलेलं असतं, पाऊस गेलेला असतो, आणि पाणी दिवसभर त्याच रेघेवर राहतं. म्हणून ऑक्टोबरात मी गोट्याकडे बघायचं हळूहळू सोडून दिलं.

या नद्यांमध्ये ब्राउन ट्राउट मूळचा नाही, हेही सांगायला हवं. त्याची अंडी 1900 मध्ये स्कॉटलंडहून काश्मीरला पोचली आणि काश्मीरहून 1909 च्या सुमारास कुल्लूत, कटराईंजवळच्या महिलीच्या हॅचरीत आली. इथे राहणाऱ्या साहेबांना गळ टाकायला आपल्या ओळखीचा मासा हवा होता. इथला मूळचा मासा म्हणजे ज्याला स्नो ट्राउट म्हणतात तो. पण तो कार्पच्या कुळातला, नाव सोडलं तर ट्राउटशी त्याचा संबंध नाही. बाहेरून आणलेल्या माशासाठी नदीची काळजी करणं काहींना विचित्र वाटतं. मला वाटत नाही. ट्राउटला थंड, वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं, आणि ते पाणी राहिलं तर स्नो ट्राउटही राहतो, दगडाखालचे किडेही राहतात आणि त्यांच्यावर जगणारे धोबी पक्षीही.

माझी चूक ज्या नदीवर झाली तिचं आणि त्या धरणाचं नाव मी लिहीत नाही. दोष धरणावरच्या माणसांचा नव्हता, आणि बियासच्या खोऱ्यात अशा जागा एकाहून जास्त आहेत. रचना सगळीकडे साधारण सारखीच असते. नदीवर फार उंच नसलेलं धरण किंवा बराज. त्याच्या मागे छोटंसं तळं. तळ्यातून पाणी बोगद्यात जातं, डोंगराच्या पोटातून काही किलोमीटर प्रवास करतं, वीजघरात खाली कोसळतं आणि मग पुन्हा नदीत येतं. कोयनेचं अवजल वाशिष्ठीत जातं हे आपण ऐकलेलं असतं, तसंच. फक्त इथे ते त्याच नदीत परततं. धरण आणि वीजघर यांच्यामधल्या पट्ट्यात नदी नावापुरती उरते. हिमाचलच्या धोरणाप्रमाणे किमान पंधरा टक्के पाणी खाली सोडावं लागतं, तेही कोरड्या हंगामातल्या प्रवाहाच्या हिशेबाने. बाकीचं पाणी बोगद्यात.

तो उरलेला पट्टा गळ टाकणाऱ्याला भुरळ घालतो. मला घातली. मोठ्या नदीचं रुंद पात्र, त्यात घोट्याएवढ्या धारा आणि त्यांच्यामध्ये हिरवे, नितळ डोह. जिथे एरवी उभं राहता आलं नसतं तिथे नदीच्या मध्यापर्यंत चालत जाता येतं. पाणी कमी म्हणून मासे डोहांत गोळा झालेले. वरून बघितलं तर पिवळट तपकिरी पाठी आणि त्यांच्यावरचे ठिपके दिसतात. मी पहिल्यांदा तो पट्टा पाहिला तेव्हा मला आनंद झाला, आणि आता ते आठवलं की लाज वाटते. नदीतलं पाणी काढून घेतलं होतं म्हणून ती जागा इतकी सोपी झाली होती. ते पाणी कुठे आहे आणि ते परत कधी येईल, हा पहिला प्रश्न असायला हवा होता. मी विचारलं ते एवढंच, की इथे मोठे मासे आहेत का.

मला काहीच माहीत नव्हतं असं नाही. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग करताना वीजघरातून पाणी सुटेपर्यंत आम्ही काठावर बसून होतो. पाणी आल्यावर ती नदी काय होते ते मी पाहिलं होतं. मुठेकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा, खडकवासल्यातून इतके क्युसेक विसर्ग, या बातम्या पुण्यात दर पावसाळ्यात वाचतच असतो. आणि बियासकाठच्या थलौटवरून तर मी दर वेळी जात होतो. 8 जून 2014 च्या संध्याकाळी तिथेच बियासमध्ये फोटो काढायला उतरलेले हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे चोवीस विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले होते. विजेची मागणी कमी होती, निर्मिती कमी करावी लागली, बोगद्यात न गेलेलं पाणी दरवाज्यांतून नदीत आलं. हे सगळं मी वाचलं होतं. त्यातून मी जो अर्थ काढला तो असा: ती मुलं पर्यटक होती, त्यांना नदी माहीत नव्हती, मला माहीत आहे. माझ्या सगळ्या चुकांचं मूळ या एका समजुतीत आहे, आणि ती किती निर्दय होती हे मला त्या वेळी जाणवलं नाही.

शिवाय मी एक हिशेबही मांडला होता. संध्याकाळी विजेची मागणी वाढते, म्हणजे जास्त पाणी बोगद्यात जाणार, म्हणजे धरणाखालचा पट्टा संध्याकाळी सगळ्यात सुरक्षित. भाच्याला मी हे मोठ्या आत्मविश्वासाने समजावून सांगितलं. हिशेबात चूक अशी की मी फक्त चालू असलेल्या यंत्राचा विचार केला होता. यंत्र बंद पडलं तर? असे प्रकल्प वाहत्या पाण्यावर चालतात, त्यांच्या मागच्या तळ्यात काही तासांचंच पाणी मावतं. तळं भरलेलं असताना संच थांबले तर बोगद्यात जाणाऱ्या पाण्याला दुसरी वाट एकच.

ऑक्टोबरचा शेवट होता. वळणावर एक पाटी होती, पाण्यात उतरू नका, कधीही पाणी सोडलं जाईल अशा अर्थाची. मी ती वाचली आणि पुढे गेलो. घोट्याएवढी धार ओलांडून आम्ही गोट्यांच्या एका लांबट बेटावर पोचलो. भाचा बेटावर थांबला, मी पलीकडच्या डोहात मांडीपर्यंत उतरलो. ऊन डोंगरावर चढलं होतं, खोऱ्यात सावली आली होती, आणि डोहाच्या डोक्याला एक मोठा मासा दर थोड्या वेळाने वर येऊन पाण्यावरचं काहीतरी टिपत होता. नाक दिसायचं, मग पाठ, मग वर्तुळ.

मग तो वर यायचा थांबला. बाकीचेही थांबले. डोह एकदम गप्प झाला. मला वाटलं, किडे बदलले. मी गळाची काठी काखेत धरली, डबी उघडली आणि एक लहानशी करडी फ्लाय निवडली. लीडरच्या टोकाचा दोरा, म्हणजे टिपेट, केसासारखं बारीक. ते आकाशाच्या उजेडावर धरून फ्लायच्या डोळ्यातून ओवलं, पाच वेढे दिले, थुंकीने ओलं केलं, ओढलं, गाठ घसरली, पुन्हा ओवलं. एवढा वेळ माझी नजर हातातल्या गाठीवरून हलली नाही. भाचा म्हणाला, “मामा, भोंगा वाजतोय का?” मी न बघताच म्हटलं, “रस्त्यावरची गाडी असेल.” पहाडी रस्त्यावर प्रत्येक वळणावर हॉर्न वाजतो, हे खरंच आहे. पण मी ऐकलंच नव्हतं. नदीच्या आवाजात मला काहीच ऐकू आलं नव्हतं, आणि तरीही मी उत्तर दिलं.

गाठ बसली तेव्हा फ्लायच्या पलीकडे पाण्यावर चीड पाइनच्या सुया दिसल्या. एकदोन नाही, थरच्या थर, त्यात काटक्या आणि मळकट फेस. काठावर साचलेला कचरा पाणी उचलून आणत होतं. मांडीपर्यंतचं पाणी कमरेला लागलं होतं आणि त्यात गारठा होता. मी गोटा शोधला. रेघ काय, गोटाच नव्हता.

बेटापर्यंत मी कसाबसा आलो. आम्ही ज्या धारेतून चालत आलो होतो ती आता पिवळी झाली होती आणि तिच्यातून दगड गडगडत जाण्याचा आवाज पायांना जाणवत होता. बेट अर्ध्याहून लहान झालं होतं. पलीकडच्या उतारावर गवत कापणारी एक बाई ओरडून हातवारे करत होती, वर नको, खाली या, खाली या. तिला दिसत होतं ते आम्हाला दिसत नव्हतं: थोडं खाली धार रुंद होऊन उथळ झाली होती. आम्ही एकमेकांचे दंड धरून तिथून शिरलो. माझ्या वेडर्सचा, म्हणजे पाण्यात उतरायच्या छातीपर्यंतच्या विजारीचा, कमरपट्टा मी बांधलेला नव्हता, उकडतं म्हणून. त्यात वरून पाणी शिरलं आणि पाय उचलेनात. भाच्याचा पाय गेला. माझ्या हातातून त्याचा दंड सुटला.

तो किती लांब गेला ते मला सांगता येणार नाही. एका कलंडलेल्या विलोच्या झाडाला त्याने धरलं. त्या बाईने गवताचा भारा बांधायची दोरी सोडून त्याच्याकडे फेकली, दुसरं टोक स्वतःच्या कमरेला गुंडाळून ती खाली बसली आणि त्याला ओढून घेतलं. मी जरा पुढे खडकाला धडकून काठाला लागलो. मी त्याला वाचवलं नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण नंतर घरी ही गोष्ट सांगताना मी दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं होतं.

भाच्याचा गुडघा फुटला होता, दात वाजत होते. बाईने तिची शाल त्याच्या अंगावर टाकली आणि मला विचारलं, “वर कुणाला विचारलं होतं का?” तिने रागाने विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी नाही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी वर धरणावर जाऊन विचारलं. संच अचानक बंद करावे लागले होते, तळं भरलेलं होतं, दरवाजे थोडे उघडले होते. भोंगा वाजवला होता, ठरल्याप्रमाणे. तिथल्या माणसाने मला चहा दिला आणि सांगितलं की आधी येऊन बोलला असतात तर मी फोन केला असता. आदल्या दिवशी मी त्या दारावरून पुढे गेलो होतो.

परत जाताना त्या डोहापाशी थांबलो. पाणी जितक्या झटपट चढलं तितक्याच झटपट उतरलं होतं. पात्राच्या कडेच्या खळग्यांत बोटाएवढी पिल्लं अडकली होती, काहींत पाणी अजून होतं, काहींत फक्त ओल. एका खळग्यातली मी ओंजळीने उचलून धारेत सोडली. बाकीची कितीतरी तशीच राहिली. आमच्यावर एका संध्याकाळी जे आलं ते त्या माशांवर पुन्हा पुन्हा येतं. पाणी चढलं की काठाजवळच्या उथळ भागात आसरा घ्यायचा, उतरलं की तिथेच अडकायचं. दगडांना चिकटलेल्या किड्यांचं तेच: ओल्यावर वाढायचं आणि कोरड्यावर मरायचं. आणि तळ्यात साचलेला गाळ धरणातून धुवून काढतात तेव्हा तो खाली खडीत बसतो. ब्राउन ट्राउट थंडीच्या सुरुवातीला त्या खडीत खळगा करून अंडी घालतो. खडीच्या फटींतून पाणी खेळलं नाही तर अंडी गुदमरतात. हिमाचलात 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते ती त्यासाठीच.

आम्ही गेलो होतो ती बंदीच्या आधीची शेवटची संधी म्हणून. नियमात बसत होतं. पण त्या वेळी डोहात गोळा झालेले मोठे मासे अंडी घालायच्या बेताने आलेले होते, हे मला त्यांच्या गडद रंगावरून कळायला हवं होतं. आदल्याच दिवशी मी एक मादी धरली होती, पोट फुगलेली, आणि कोरड्या हातांनी तिला उचलून दोनतीन फोटो होईपर्यंत पाण्याबाहेर ठेवली होती. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. तिला सोडताना मला फार उदार वाटलं होतं.

घरी आल्यावर बहिणीला आम्ही सांगितलं की दगडावरून पाय घसरला. भाच्याने मला सांभाळून घेतलं, मी ते होऊ दिलं. मित्रांमध्ये त्या मादीचा फोटो फिरला. ओळखीच्या एका गृहस्थांनी जागा विचारली तेव्हा मी वळण, पूल, पायवाट, सगळं सांगितलं. पाण्याबद्दल एक शब्द बोललो नाही, कारण पाण्याबद्दल सांगितलं असतं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं. हे मला पाण्यात उतरण्याहून वाईट वाटतं. पाण्यात मी माझ्या समजुतीने उतरलो होतो. इथे तर मला सगळं ठाऊक होतं.

मग एका दिवाळीत त्या गृहस्थांच्या पत्नी म्हणाल्या की पुढच्या वर्षी मुलांना घेऊन तिकडे जायचं ठरतंय. त्या रात्री मी बहिणीला फोन करून सगळं सांगितलं, दोरीसकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्या बाईचं नाव काय?” मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. त्यानंतर काही महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि ते योग्यच होतं.

त्या गृहस्थांना दुसऱ्या दिवशी गाठलं. ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “म्हणजे तिकडे जाऊच नको म्हणता?” मी म्हटलं, मुलांना तीर्थनवर न्या. या नदीवर जायचंच असेल तर आधी धरणावर जा, तिथल्या माणसाला भेटा, कुठे उभे राहणार ते सांगा, त्याचा नंबर घ्या आणि आपला द्या. खोऱ्यात फोनला रेंज नसेल तर एक माणूस वर रस्त्यावर ठेवा. पाण्यावर कचरा दिसला, मासे एकदम गप्प झाले, पाण्याचा रंग किंवा आवाज बदलला, तर दोरी गुंडाळत बसू नका, काठी टाकून निघा. आणि काठ आणि आपण यांच्यामध्ये एकही धार राहील अशा जागी जाऊ नका, ती घोट्याएवढी असली तरी. त्यांनी ते लिहून घेतलं. मग विचारलं, ऑक्टोबरात तिथे कुठली फ्लाय चालते. मी म्हटलं, ऑक्टोबरात तिथे गळच टाकू नका, ते मासे अंडी घालायला आलेले असतात. मार्चमध्ये हंगाम सुरू झाला की फोन करा, मग बोलू.